कुठल्या पानावर आहात? : वाचनालयातल्या एका वहीच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

निसर्ग वादळाला आज पाच वर्षं झाली. २०२० साली याच तारखेला दापोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची अर्धी कौलं उडाली आणि दोन कपाटं नखशिखांत भिजली. त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, म्हणजे पंखाही नव्हता. शेजारच्या पडवीत सुंभाच्या दोऱ्या बांधून, पानांमध्ये जुनी वर्तमानपत्रं घालून आम्ही पुस्तकं वाळवली. लोक स्वतःच्या घरावर ताडपत्री बांधून संध्याकाळी आमच्याकडे यायचे, हे मी विसरणार नाही.

आज त्या वाचवलेल्या पुस्तकांपैकी वीसेक काढून पाहिली. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी असते, तिच्यावरून पुस्तक कधी कधी बाहेर गेलं ते कळतं. बहुतेकांवर वादळानंतर एकही तारीख नाही. एवढ्या जिवापाड वाळवली ती कपाटात परत ठेवायला का, हा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला.

ग्रंथालय प्रशिक्षणात डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ केली होती, १९३१ साली त्यांनी मांडलेली. त्यातलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे मला तेव्हा सगळ्यात सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात तेच सगळ्यात अवघड आहे. आमच्याकडे येणारा माणूस खिडकीशी उभा राहतो आणि म्हणतो, "द्या काहीतरी चांगलं." मी देते. तो पंधरा दिवसांनी परत करतो. मधे त्या पुस्तकाचं आणि त्याचं काय झालं ते मलाही कळत नाही आणि त्याच्या शेजाऱ्यालाही नाही. बंदरावर सुरमईचा भाव काय लागला हे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांना माहीत असतं. कोण काय वाचतंय हे माहीत होण्याची सोयच नाही.

म्हणून आजपासून टेबलावर एक दोनशे पानी वही, सुतळीने बांधलेलं पेन, आणि वहीवर पुठ्ठा: सध्या काय वाचताय? दिवाळीपर्यंत चालवायचं ठरवलं आहे. काय होतं ते या नोंदींत लिहीन.

७ जून

चार दिवसांत आलेल्या नोंदी अशा: "छान." "छान आहे." "मस्त, वेळ चांगला गेला." "लेखकाने उत्तम लिहिले आहे."

आणि एक नोंद निवृत्त गुरुजींची, पान भरून. कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली, संदेश, असे मथळे घालून. गुरुजींनी मनापासून लिहिलं आहे आणि अक्षर तर छापल्यासारखं. पण त्यांच्याखाली कोणीच लिहीत नाही. पोस्टातल्या ताईंनी वही उघडली, ते पान वाचलं आणि मिटून ठेवली. म्हणाल्या, "मला असं नाही गो जमायचं."

१२ जून

चूक सापडली. ती माझ्या प्रश्नात होती.

ताई काल पुस्तक बदलायला आल्या. मी विचारलं, आवडलं का? "हो, छान आहे." संपलं बोलणं. मग सहज विचारलं, कुठवर आलं होतं? तर त्या दहा मिनिटं बोलत होत्या. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' वाचतायत. पेंडसे मुर्डीचे, म्हणजे आमच्या हाकेच्या अंतरावरचे. पुस्तक १९५२ सालचं. ताई राधेवर अडल्या होत्या. गाव तिला नावं ठेवतं, तरी ती दुकानावर बसते आणि येणाऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलते. ताईंचं म्हणणं, "मी पोस्टात लागले तेव्हा पहिलं वर्षभर मान वर करून कुणाशी बोलले नाही. ही कशी बोलते?" हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. हेच तर वहीत यायला हवं होतं.

'आवडलं का' या प्रश्नाला माणूस निकाल देतो. परीक्षकाच्या खुर्चीत बसवल्यासारखं त्याला वाटतं आणि तो चटकन काहीतरी बरं बोलून उठतो. 'कुठल्या पानावर आहात' म्हटलं की तो परत पुस्तकात शिरतो.

पुठ्ठा बदलला. आता वहीत तीन रकाने: पुस्तक, पान, तिथे काय मनात आलं. खाली एक ओळ: अर्धवट सोडलं असेल तर कुठे आणि का, तेही लिहा. गुरुजींना घरी जाऊन सगळं सांगितलं. मला धास्ती होती, पण ते म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना मथळे घालायला शिकवलं, आता मी पान नंबर घालून बघतो."

२१ जून

सारखा पाऊस. पागोळ्यांच्या आवाजात खिडकीपलीकडचं बोलणं ऐकू येत नाही. कपाटांत कसर दिसली, म्हणून एकेक फळी रिकामी करून पुसते आहे. कसरीला बांधणीतली खळ आवडते, त्यामुळे जुन्या, हाताने बांधलेल्या पुस्तकांचा कणा ती आधी खाते. बुरशी आलेली पानं कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, ओल्या नाही. उन्हात टाकायची नाहीत, वाऱ्याला सावलीत ठेवायची. या दिवसांत कोरडा वारा आणायचा कुठून, हा प्रश्न आहेच.

बालविभाग पुसताना फुलपाखरं आणि मुंग्यांच्या पुस्तकांमध्ये 'एका कोळियाने' सापडलं! हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद. दाखल नोंदवहीत कोणीतरी पूर्वी नाव पाहून जाळं विणणारा कोळी समजून ते तिकडे लावलं असणार. त्याच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही. बंदरापासून एवढ्या जवळच्या वाचनालयात समुद्रावरच्या म्हाताऱ्या कोळ्याचं पुस्तक इतकी वर्षं किड्यामुंग्यांत पडून होतं. फार वाईट वाटलं.

सध्या मासेमारी बंद आहे, १ जून ते ३१ जुलै. एकसष्ट दिवस बोटी वर ओढून ठेवलेल्या. बंदरावरचे एक तांडेलकाका (तांडेल म्हणजे बोटीवरचा म्होरक्या) वर्तमानपत्र वाचायला रोज येतात. पुस्तक कधी नेत नाहीत. आज ते मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी जाडी बघितली, मग अक्षर. "बारीक हाय. बगतो."

२८ जून

तांडेलकाकांनी सहा दिवसांत पुस्तक संपवलं. वहीत त्यांनी स्वतः लिहिलं नाही. ते बोलले आणि मी लिहून घेतलं, मग त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. सगळं इथे उतरवत नाही, पण काही गोष्टी मला ठेवायच्या आहेत.

पहिलं त्यांनी विचारलं ते असं: हा एकटा एवढ्या लांब गेलाच कसा? आपल्याकडे कोणी असा जात नाही. मग स्वतःच म्हणाले, चौऱ्याऐंशी दिवस ज्याच्या हाताला मासा नाही, त्याच्याबरोबर कोण येणार? "आमी बंदीत एकसट दिवस बसतो तर घरात तोंड दाखवायला नको वाटतं. आन ह्याचे चौऱ्याऐंशी, तेही रोज जाऊन."

मासा बोटीला बाहेरून बांधला, हे त्यांना पटलं. एवढा मोठा आत घेता येत नाही, घेतला तर होडी बसेल. पण रक्त पाण्यात गेलं की मुशी, म्हणजे शार्क, येणारच, हे त्या म्हाताऱ्याला माहीत होतं, तरी त्याच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता. हे सांगताना ते बराच वेळ गप्प राहिले.

आणि पोराबद्दल. गोष्टीतला मुलगा पहिले चाळीस दिवस म्हाताऱ्याबरोबर असतो, मग आईबाप त्याला दुसऱ्या बोटीवर पाठवतात. मला वाटलं होतं, काका त्या आईबापांवर रागावतील. त्यांच्या स्वतःच्या बोटीवरची दोन पोरं गेल्या वर्षी पर्ससीन जाळ्याच्या मोठ्या बोटीवर गेली आहेत, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "बापाचं काय चुकलं नाय. घरात चूल असते."

ही नोंद वहीत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईंनी पुस्तक नेलं, आणि खाली लिहिलं: बापाचं चुकलं नसेल, पण मुलाचं मन मोडलं त्याचं काय? त्याखाली गुरुजी: मुलगा शेवटी परत येतो, हे विसरू नये. त्याखाली पेन्सिलीने, बहुधा एखाद्या शाळकरी हाताने: शेवट सांगू नका!

या चार ओळी चार वेगळ्या अक्षरांत आहेत. वाचनालयात मी नऊ वर्षं काम करते आहे. एका पुस्तकावर चार माणसं एकमेकांशी बोलल्याचं पहिल्यांदा पाहिलं.

९ जुलै

दोन दिवस वीज नाही. कंदिलावर देवघेव केली. नोंदी दोनच. शेवट सांगायचा असेल तर पान दुमडून त्याच्या आत लिहावा, असा नियम केला.

१९ जुलै

वरच्या वाडीतल्या आजींकडे पाखाडीच्या पायऱ्या चढून गेले. गुडघ्यांमुळे त्या खाली येऊ शकत नाहीत. पुस्तक मी पोचवते. वाडीत पूर्वी चौदा घरं नांदती होती, आता चारांत दिवा लागतो. बाकीची कुलपं गणपतीला उघडतात.

आजी गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' वाचतायत, १९५५ सालची. गाव ओस पडत जाण्याची गोष्ट, अंबू नावाच्या बाईने सांगितलेली. मला भीती होती की त्यांना ती फार जवळची वाटून त्रास होईल. तसं झालंही, पण त्यांनी पुस्तक बंद केलं नाही. रोज चार पानं, त्याहून जास्त नाही, असं त्यांनी ठरवून घेतलं आहे. "एकदम वाचलं तर एकदमच उठून जाईल सगळं," म्हणाल्या.

त्यांना वाटत होतं हे एखाद्या बाईनेच लिहिलं आहे. मी सांगितलं की लेखक पुरुष, आणि जन्म विदर्भातला, परतवाड्याचा. त्यांनी चष्मा काढला. "परतवाडा म्हणजे कुठं गो?" मी सांगितलं. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "मग कुणा बायकांपाशी बसून ऐकलंन असणार. बायकांपाशी बसल्याशिवाय हे बोलणं कानात नाही जायचं." वहीत मी ही ओळ त्यांच्या नावासमोर जशीच्या तशी लिहिली. समीक्षेची पुस्तकं आमच्याकडे आहेत, मी त्यातली काही वाचलीही आहेत. या ओळीने मला त्या पुस्तकाबद्दल जे समजलं ते त्यांतून समजलं नव्हतं.

गुरुजींचं मत वेगळं. त्यांच्या मते जुन्या दिवसांची माया त्यात जास्त आहे आणि त्या दिवसांतले जाच कमी आहेत. हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, जाच आहेत, पण ते अंबू बोलून दाखवत नाही, कामातून दाखवते. पुढच्या फेरीत गुरुजी स्वतः पाखाडी चढून येणार आहेत.

२ ऑगस्ट

बंदी काल उठली. तांडेलकाका आज आले नाहीत, बोटीची पूजा आणि डागडुजी चालू असेल. वर्तमानपत्राच्या टेबलाशी मोकळी खुर्ची बघून करमेना.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा टेबलासाठी येतो, पुस्तकासाठी नाही. मागच्या आठवड्यात त्याने वही चाळली आणि विचारलं, इथल्याच माणसाचं काही आहे का, पण गोष्ट नको, खरं हवं. त्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' दिलं, १९१५ साली आलेलं. कर्वे मुरुडचे. परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. मुलाने त्या पानाचा नंबर लिहून समोर एवढंच लिहिलं आहे: "मागच्या वर्षी माझी छाती एक सेंटिमीटर कमी भरली."

१० ऑगस्ट

परवा नारळी पौर्णिमा झाली. तांडेलकाकांच्या सूनबाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी 'श्यामची आई' वाचते आहे. साने गुरुजी आमच्याच तालुक्यातल्या पालगडचे, आणि हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे मी तिला सांगितलं. तिला तुरुंगात कागद कोण देतं याची जास्त काळजी वाटली.

तिची नोंद श्यामच्या पोहण्यावर आहे. श्याम पाण्याला घाबरून लपतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. मुलीने लिहिलं आहे, आईने मारायला नको होतं. त्याखाली तिच्या आईने लिहिलं: "माझ्या सासऱ्यांना पोहता येत नाही. तीस वर्षं समुद्रावर आहेत. बोट निघाली की मी रोज हेच मनात आणते. मी असते तर मीही मारलं असतं."

हे वाचून मी वही मिटली आणि थोडा वेळ तशीच बसले.

६ सप्टेंबर

गणपतीचे दिवस गेले. २७ ऑगस्टपासून गाव भरलेलं. यंदा वही मुद्दाम बाहेरच्या ओटीवर ठेवली होती. चाकरमानी आरतीला जाता-येता चाळत होते. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी लिहिलं की लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर पुस्तक ऐकते, पान नंबर सांगता येणार नाही, पण विरार येईपर्यंत एक प्रकरण होतं. मी पानाच्या रकान्यात 'विरार' असंच लिहून ठेवलं.

पण याच दिवसांत एक वाईट गोष्ट घडली. गावातल्या एका तरुणाने पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वर लिहिलं होतं. दोन खंडांची ही कादंबरी १९८७ साली आली, जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या, म्हणजे गावातल्या कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या वतनदार घराण्याच्या, पिढ्यांची. त्याने लिहिलं: पुस्तक खाली ठेववत नाही, पण हे ओटीवरून दिसणारं कोकण आहे. माझा पणजा अंगणात उभा असायचा. तिथून काय दिसत होतं, ते मला यात सापडत नाही.

ही नोंद कोणीतरी निळ्या पेनाने आडवीतिडवी खोडली. कोणी, ते मला माहीत नाही आणि शोधायचं नाही. पण मला फार राग आला, अजून आहे. इतक्या नोंदींत एवढं नेमकं कोणी लिहिलं नव्हतं. त्याने पुस्तकाला वाईट म्हटलेलं नाही. पुस्तक मन लावून वाचल्याशिवाय असं लिहिताच येत नाही.

१३ सप्टेंबर

ज्याची नोंद खोडली त्या मुलाला बोलावून विचारलं, पुन्हा लिहितोस का? तो नको म्हणाला. म्हणून त्याच्या परवानगीने मी ती नोंद पुढच्या पानावर माझ्या अक्षरात पुन्हा लिहिली. वर नियम लिहिला: दुसऱ्याचं खोडायचं नाही. पटत नसेल तर खाली आपलं लिहायचं.

शेजारी दोन तारखाही लिहिल्या, कारण तरुण मुलांना त्या ठाऊक नसतात. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यात, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेला. म्हणजे हे सगळं इथलंच आहे.

मुलाने विचारलं, कुळांच्या बाजूने लिहिलेलं काही आहे का तुमच्याकडे? दोन संध्याकाळ कपाटं बघितली. आमच्या संग्रहात नाही. 'नाही' हे उत्तर द्यायला मला लाज वाटली.

२० सप्टेंबर

त्या नोंदीखाली तीन उत्तरं आली. एक आजींचं, गुरुजींनी लिहून आणलेलं. आजी खोताच्या घरातल्या. त्यांनी सांगितलं आहे: "अंगणातला माणूस पाणी मागायचा तेव्हा वरून ओंजळीत घालत. मी घातलंय. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता वाटतं." गुरुजी म्हणाले, हे सांगायला आजींना अर्धा तास लागला, आणि मधे दोनदा त्या "राहू दे" म्हणाल्या.

मुलगा संध्याकाळी आला. त्याने ते उभ्यानेच वाचलं. काही बोलला नाही. जाताना विचारलं, वरच्या वाडीला पुस्तक पोचवायला पुढच्या वेळी मी जाऊ का?

१५ ऑक्टोबर

आज वाचन प्रेरणा दिन, डॉ. कलाम यांचा जन्मदिवस. शाळेची मुलं येऊन गेली. कार्यक्रम आटोपशीर केला, कारण मला खरेदीची यादी संपवायची होती. अनुदानातून पुस्तकं घ्यायची असतात. आजवर मी प्रकाशकांच्या याद्या बघून निवडायचे. यंदा वही समोर घेऊन बसले.

यादीत आत्तापर्यंत: खोती आणि कुळांबद्दल जे मिळेल ते, त्यासाठी रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात जाऊन आधी पाहून येणार आहे. ते १८२८ पासूनचं, तिथे माग लागेल. मोठ्या अक्षरातली पुस्तकं, आजी आणि काका दोघांसाठी. भरतीच्या मुलासाठी आणखी दोन आत्मचरित्रं. समुद्रावरचे अनुवाद. 'पडघवली'ची नवी प्रत, जुनीचा कणा कसरीने खाल्ला आहे.

'एका कोळियाने'ची दुसरी प्रतही लिहिली आहे. ताईंनंतर पाच जण रांगेत आहेत आणि पहिली तांडेलकाकांनी पुन्हा नेली आहे. या वेळी ते बोटीवर दोन खलाशांना वाचून दाखवणार आहेत, म्हणून प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून दिली. परतीची तारीख ११ ऑक्टोबर होती. काल सूनबाई निरोप देऊन गेल्या: अजून पान साठवर आहेत.